रुसणारी हंबर

"ढकला! अजून जोर लावा! राजा, तू ढकलतोयस का नुसता टेकलायस?" हंबीररावकाका खिडकीतून ओरडले.

"टेकलोय, पण जोरात टेकलोय!" राजवर्धन धापा टाकत म्हणाला.

निशिगंधाला एवढं हसू आलं की तिच्याही हातातला जोर गेला. शांभवीने तर गाडीच्या काळ्या पत्र्यावर डोकंच टेकवलं. गोकुळ शिरगावच्या पुढे, भर हायवेच्या कडेला हंबीररावकाकांची हंबर परत एकदा रुसून उभी राहिली होती.

हंबर म्हणजे जुनी विलायती मोटार. लांबरुंद, काळी कुळकुळीत, आत लाकडी पट्ट्या आणि चामड्याच्या गाद्या. एकेकाळी साहेब लोक आणि बडे जमीनदार असल्या गाडीतून फिरायचे. तिचा हॉर्न वाजला की काकांच्या गोठ्यातल्या म्हशी माना वर करून उत्तर द्यायच्या. "हंबरती म्हणून हंबर!" असं काका आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

निशिगंधा मलकापूरची. मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरला काकांकडे आली होती. दहा वर्षांचा राजवर्धन हा काकांचा मुलगा आणि शांभवी शेजारची, निशिगंधाच्याच वयाची. ही गाडी मुळात शांभवीच्या अज्जांची, म्हणजे आजोबांची, गडहिंग्लजच्या सिद्धाप्पांची. ते गेल्यावर काकांनी ती त्यांच्या बायकोकडून, बसम्मा अज्जींकडून, विकत घेतली. अज्जींनी एकच अट घातली होती, "माझी नात सौंदर्या लग्नाच्या दिवशी ह्याच गाडीत बसणार." काकांनी हसत शब्द दिला होता.

लग्न सोमवारी होतं. आज शनिवार, म्हणून काकांनी गाडी हायवेला चालवून बघायला काढली होती.

काका घामाघूम होऊन खाली उतरले. पेट्रोलचा काटा कधीच मेला होता, त्यामुळे टाकीत किती पेट्रोल आहे ते बांबूच्या काडीने बघावं लागे.

"निशे, झाकण काढ गं."

निशिगंधाने मागचं चकचकीत झाकण फिरवलं. *फुस्स!* असा आवाज झाला.

"पेट्रोल तर अर्धी टाकी हाय की," काका काडी बघत म्हणाले. "थांबा जरा. विसावा लागतोय तिला."

थोड्या वेळाने त्यांनी किल्ली फिरवली. गाडीने दोन-तीनदा खोकल्यासारखं केलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात सुरू झाली!

"दरवेळी असंच करते?" निशिगंधाने विचारलं.

"पाडव्यापासनं. शहरात जवळच्या जवळ फिरव, शहाण्यासारखी चालती. हायवेला आणली की इथंच कुठंतरी बसकण मारती. पाच मेस्त्री झाले. पंप बदलला, प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला. ही आपली तश्शीच!"

घरी पोचल्यावर स्नेहलकाकी दारातच उभ्या होत्या. "आली व्हय महाराणी? म्हशी पेंड खाऊन दूध तरी देतात. ही नुसती पेट्रोल पिती आणि रस्त्यात बसती! उद्या त्या उदयसिंहांकडं नेऊन लावा एकदाची."

मुलांचे चेहरे पडले. उदयसिंहांचं कागलच्या अलीकडे हायवेवर हॉटेल होतं. इंजिन काढून टाकायचं, छप्पर कापायचं, आत समोरासमोर बाकं आणि मधे टेबल ठेवायचं, असा त्यांचा बेत होता. लोक हंबरमध्ये बसून मिसळ खाणार, फोटो काढणार! "आधी गाडी दारात तर आणा, मग बोलू," असं ते काकांना म्हणाले होते.

"मिसळ!" शांभवीचा आवाज चिरकला. "आमच्या अज्जांच्या गाडीत तर्री सांडणार?"

काका नुसतं रुमालाने बॉनेटवरची धूळ पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. निशिगंधाला ते बघवेना.

संध्याकाळी काकींनी राजवर्धनला तेलाचा नवा डबा फोडायला बसवलं. त्याने खिळ्याने भोक पाडलं, डबा कलंडला. तेल गचके खात आलं आणि थांबलं. त्याने डबा हलवला, थोपटला, शेवटी भोकाला डोळा लावून आत बघितलं.

"आई, हे तेल अडकलं!"

"अरे मुलखाच्या शहाण्या, एका भोकानं तेल येत असतं व्हय? दुसऱ्या बाजूला पाड की! आत हवा गेली तरच तेल बाहेर येणार!"

निशिगंधा कांदे निवडत होती. तिचा हात तसाच थांबला. हवा आत गेली तरच... आणि ते *फुस्स*?

"शांभवी! राजा! अंगणात चला!"

तिने काचेची सॉसची रिकामी बाटली पाण्याने भरली, त्यात शहाळ्याची नळी घातली आणि बाटलीचं तोंड काकींच्या परातीतल्या कणकेने घट्ट बंद केलं.

"शांभवी, ओढ पाणी."

शांभवीने ओढलं. दोन घोट आले. मग तिचे गाल आत गेले, डोळे मोठे झाले, पण पाणी येईना!

निशिगंधाने कणकेला काडीने भोक पाडलं. *फुस्स!* आणि शांभवीला जोरात ठसका लागला.

"आलं! आलं!" राजवर्धन नाचायलाच लागला. "म्हणजे हंबरच्या टाकीत हवाच जात नाही?"

"झाकण उघडल्याशिवाय नाही. आपण पेट्रोल बघायला झाकण उघडतो, हवा आत जाते आणि गाडी सुरू होते. विसावा-बिसावा काही नाही!"

"पण मग अज्जांच्या वेळी का नाही थांबली?" शांभवीने ठसका आवरत विचारलं.

त्याचं उत्तर जेवणाच्या ताटावर मिळालं. राजवर्धनचे विश्वजितमामा आले होते. शिरोली एमआयडीसीत त्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं.

"मामा, हंबरच्या टाकीचं झाकण किती चकचकीत आहे हो!" निशिगंधा भोळा चेहरा करून म्हणाली.

मामांची छाती फुगली. "मी करून दिलंय! पाडव्याला! जुनं कसलं गंजकं होतं, वर बारीक भोक पडलेलं. टाकून दिलं भंगारात. हे असं बसवलंय, आत रबरी वायसर घालून, की मुंगीसुद्धा जायची न्हाय!"

तिन्ही मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

"मामा, त्या भोकातूनच तर हवा आत जायची!" निशिगंधाने सगळं सांगितलं. डबा, बाटली, कणीक, सगळं.

मामा खो खो हसले. "पाच मेस्त्री हरले, आणि तू कणकेनं गाडी दुरुस्त करतीस? भाकरी खा गप!"

"पोरी, तुझा जीव तुटतोय ते दिसतंय मला," काका हळूच म्हणाले. "पण ठरलंय ते ठरलंय. मी अज्जींना दुपारीच फोन करून सांगितलं, की गाडी काही यायची न्हाय." आणि ते अर्ध्या ताटावरून उठले.

रविवारी सकाळी काका हंबर बाहेर काढायला आले, तेव्हा मुलं आधीच मागच्या गादीवर चढून बसली होती. शांभवीचे आईबाबा लग्नाच्या तयारीला पुढे गेले होते. हॉटेलपासून मामा तिला एसटीने गडहिंग्लजला सोडणार होते. मामा पुढे बसले. "थांबली की ढकलायला माणूस पाहिजे की," ते म्हणाले.

निशिगंधा सारखी मागे वळून बघत होती. काका अंघोळीला गेलेले असताना तिने टाकीचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवलं होतं.

हंबर निघाली. हायवेला लागली. गोकुळ शिरगाव आलं. एकदम गचका बसला! राजवर्धनने निशिगंधाचा हात करकचून धरला.

"गतिरोधक होता रे!" शांभवी कुजबुजली.

नेहमीचं थांबायचं ठिकाण आलं. आणि गेलं! लिंबाचं झाड गेलं, टपरी गेली. इंजिन आपलं संथ घुमत होतं.

"दाजी," मामा बावचळून म्हणाले, "ही थांबली कशी न्हाय?"

"तेच बघतोय मी," काका म्हणाले.

समोर हॉटेलची पाटी दिसली. फाटकाशी उदयसिंह हातात झेंडूचा भलामोठा हार घेऊन उभे होते. काकांनी वेग कमी केला.

"काका, थांबू नका!" निशिगंधा ओरडली. "मी झाकण सैल केलंय! हवा आत जातेय, म्हणून ती चालतेय! ती आजारी नाही, काका, तिचा नुसता श्वास कोंडला होता!"

काकांनी आरशातून तिच्याकडे रोखून बघितलं.

"न विचारता पेट्रोलच्या टाकीला हात लावलास?"

"चुकलं," निशिगंधा पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

"त्याचं मागनं बघतो." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "पुढं निपाणीनंतर तवंदीचा घाट हाय. तो चढली, तर तुझं खरं!"

आणि त्यांनी जोरात हॉर्न दाबला. *हंऽऽऽ!* हंबर उदयसिंहांच्या समोरून डौलात निघून गेली. हार पुढे करून उभे असलेले उदयसिंह तसेच उभे राहिले.

"अहो पावणं! हॉटेल इकडं हाय!"

"गडहिंग्लजला लग्न हाय!" काका खिडकीतून ओरडले.

घाट आला. मोठमोठे ट्रक कण्हत वर चढत होते. निशिगंधा डोळे मिटून फक्त इंजिनचा आवाज ऐकत होती. एक वळण, दुसरं वळण... आणि गार वारा तोंडावर आला. हंबर माथ्यावर होती!

"नाद खुळा!" राजवर्धन किंचाळला.

पण काका पक्के. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा निघाले. संकेश्वर जवळ आलं, तशी हंबर आचके देऊन बंद पडली.

"मेव्हणं, आता तुम्हीच उतरा," काका म्हणाले.

मामांनी झाकण फिरवलं. *फुस्स!* ते दचकून मागे सरले. काकांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली.

मामा परत आले ते खाली मान घालून. "मीच बूच मारलं की हो हिच्या तोंडाला," ते म्हणाले. "निशे, गडहिंग्लजला पोचलो की पहिलं लेथचं दुकान शोधतो. बारीक भोक पाडून देतो झाकणाला. तू सांगशील तेवढं!"

"आणि काकांचे पाचही मेस्त्री?" शांभवीने विचारलं.

"त्यांना कणीक मळायला बसवू!"

दुपारी हंबर बसम्मा अज्जींच्या दारात जाऊन उभी राहिली. काठी टेकत अज्जी बाहेर आल्या. त्यांनी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, कितीतरी वेळ. मग काकांकडे वळून लटक्या रागाने म्हणाल्या, "येणार न्हाय म्हणून फोन करतोस व्हय रे? माझी रात्रभर झोप गेली."

"अज्जी, मी हरलो होतो," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "ह्या पोरांनी आणली तिला. न विचारता झाकणाला हात लावला, त्याबद्दल ह्या निशिगंधाला घरी गेल्यावर ओरडणार हाय. पण आज न्हाय!"

सोमवारी वरात निघाली. हंबरला मोगऱ्याच्या माळा लावल्या होत्या. मागच्या गादीवर सौंदर्या आणि नवरदेव, त्यांच्याशेजारी अज्जी. पुढे काकांच्या बाजूला एकच जागा उरली होती आणि तिच्यावर तीन पावण्यांचा डोळा होता. एक फेटेवाले काका तर दार उघडून एक पाय आत टाकूनही बसले होते.

"जरा उतरा पावणं," हंबीररावकाका म्हणाले. "ती जागा मेस्त्रीची हाय."

मेस्त्री कुठाय म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले. निशिगंधाही टाचा उंचावून गर्दीत बघायला लागली.

"अगं, तिकडं काय बघतीस?" काका म्हणाले. "बस की लवकर!"