नवव्या घुमटाचा नकार

चंद्रावरच्या तेरा घुमटांपैकी नवव्याला उल्केनं भोक पाडलं होतं. ते बुजवायला सहा तास लागणार आणि आत हवा उरली होती चार तासांची. आत दोनशे माणसं, बाहेर पडायला वाट नाही; त्यांतच ऊर्मिलाचा धाकटा भाऊ नचिकेत, त्या घुमटाचा प्रतिनिधी.

ऊर्मिला घुमटसंघाची सचिव. सचिव कसली, पत्रं धाडणारी! तिनं बाराही घुमटांना विनंती केली, वायुझडप उघडा, नळातून थोडी थोडी हवा नवव्याला द्या. सगळ्यांचं उत्तर एकच. "जरूर देऊ. आधी दुसऱ्यांना उघडू दे."

"हे बारभाईंचं कारस्थान कुणाच्या डोक्यातून निघालं हो?" ती हेरंबकाकांवर उखडली. काका तिच्याच, पहिल्या घुमटाचे झडपरक्षक आणि प्रतिनिधी, इतिहासाचे जुने अभ्यासक. संघाची घटना त्यांनीच लिहिलेली.

"अमेरिकेच्या पहिल्या तेरा राज्यांवरून घेतलं. राजाच्या जाचाला विटलेली माणसं ती! केंद्रानं मागायचं, राज्यांनी वाटलं तर द्यायचं. तशातही लढाई जिंकली."

"आणि मागितलेलं मिळायचं?"

"क्वचित. नियम बदलायचा तर तेराही राज्यांचा होकार लागे. एक अडलं की संपलं."

"मग आपण बदलू. सगळ्या झडपा केंद्राच्या ताब्यात द्या."

ठराव गेला. दहा मिनिटांत अकरा होकार आले, काकांचा धरून बारा. ठरावाला हवा थोडीच खर्चावी लागते! नकार एकच आला, नवव्याचा.

"नच्या, वेड लागलंय का तुला?" ती ध्वनियंत्रावर ओरडली.

"ताई, झडपा तुझ्या ताब्यात आल्या की चालवणार केंद्राचं गणकयंत्र. ते काय करेल, विचारलंस त्याला? भीक नको, पण कुत्रं आवर!"

विचारलं नव्हतं. तिनं विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं: "नववा घुमट कायमचा बंद करावा. सुरक्षित: पाच हजार. हानी: दोनशे."

ज्या नियमाला ऊर्मिला शिव्या घालत होती, त्यानंच आतापर्यंत नच्याचा घुमट बंद होऊ दिला नव्हता.

"काका, हुकूम मला करता येत नाही आणि आता करायचाही नाही. विनंती करते. आधी आपण उघडू या."

"आणि बाकीच्यांनी नाही उघडली तर?"

"तर आपल्यालाही धाप लागेल."

'आधी दुसऱ्यांना' हे उत्तर काकांनीही दिलेलंच होतं. मग त्यांनी झडपेचं चाक धरलं आणि फिरवलं. पहिल्या घुमटाचा हवेचा काटा हलला. तेराही घुमटांत सगळे तो पडद्यावर बघत होते.

बऱ्याच वेळानं चौथ्याचा हलला. मग अकराव्याचा, सातव्याचा.

ध्वनियंत्र खरखरलं. "ताई," नच्याचा आवाज आला, "तोंडाला वारा लागतोय गं."