तांदळातली वही

सकाळपासून शर्मिलेने सगळं घर पालथं घातलं होतं. फडताळ झालं, गाद्यांखाली झालं, माजघरातल्या ट्रंका झाल्या... आणि तिची सासू रुक्मिणी मात्र खाली मान घालून खोबरं किसत होती, जशी काही त्या गावचीच नव्हे.

"आये, सृष्टीची चित्रांची वही खंय दिसली तुमका?"

"माका काय इचारतंस? माका वाचूक येणा नाय, नि चित्रां बघूक वेळ नाय."

सून पुन्हा फडताळाकडे वळली. बारा वर्षांत तिने उलटून उत्तर दिलं नव्हतं. भांडायला उभीच राहत नाही अशा सुनेशी सासूने करायचं तरी काय?

सृष्टी सात वर्षांची झाली होती, पण तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. तिच्यासाठी शर्मिलेने मालवणची बँकेतली नोकरी सोडली, कुडाळला न बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन शिकून घेतलं आणि ती वही केली. पाणी, भात, मासे, आई, आजी, हवं, नको... सगळी चित्रं प्लास्टिकात मढवलेली. भात वाढताना शर्मिला स्वतः भाताच्या चित्रावर बोट ठेवी. मोठी माणसं अशी बोलली की पोर शिकते म्हणे. आणि पोर शिकलीही होती. पाणी मागायची, नको ते नको म्हणायची.

वही कुठे आहे ते रुक्मिणीला पक्कं ठाऊक होतं. पहाटे तिनेच ती तांदळाच्या डब्यात खोल पुरली होती.

हे पाप दुष्टाव्याचं नव्हतं हो... चार वर्षांपूर्वी देवापुढे नारळ ठेवून घराचं दर वर्षीचं गाऱ्हाणं चालू असताना तिने मनातल्या मनात देवाला शब्द दिला होता, की नातीला वाचा फुटेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. जिचा नवरा जन्मभर मासे धरायला होडीवर गेला, मुलगा जितेंद्र होडीवर जातो, ती बाई चार वर्षं माशांशिवाय जेवत होती, आणि विचारलं की "पित्त होता" म्हणून सांगत होती. आज पुन्हा गाऱ्हाणं. देव दारात आला, पोर चित्रावर बोट ठेवून पाणी मागताना त्याने पाहिली, तर काय म्हणेल? ह्यांचं काम झालं म्हणेल आणि पुढच्या घरी निघून जाईल. मग तिच्या चार वर्षांच्या उपासाचं काय, आणि त्या लेकराच्या वाचेचं काय?

दुपारी रुक्मिणीचे धाकटे दीर बाबू देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ मान्य करून घे, नि ह्या लेकराक वाचा दे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. रुक्मिणीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग पानं मांडली. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं झणझणीत तिखलं, भात, सोलकढी. रुक्मिणीच्या पानात नेहमीसारखा वरणभात.

"वयनी, तुमचा पित्त तुमच्यापेक्षा हट्टी दिसता," बाबू म्हणाले.

"गप जेवा, भावजी. काटो अडकात."

तेवढ्यात सृष्टी उठली. सरळ माजघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि वही ओढून काढली. पहाटेपासून आजीचा पदर धरून फिरणारं पोर ते, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

शर्मिलेने पांढरी झालेली वही पाहिली. मग सासूकडे पाहिलं. तांदूळ झाडत ती वहीलाच म्हणाली,

"चेडवाची जीभच तांदळात पुरून ठेवलेली..."

जितेंद्रचा घास हातात राहिला. रुक्मिणीला वाटलं, धरणी दुभंगावी... पण सृष्टीला कुणाच्या रागलोभाशी देणंघेणं नव्हतं. ती आजीच्या पानापुढे बसली. आजीच्या चित्रावर बोट. माशावर बोट. 'नाही'वर बोट. मग तिने शेवटचं पान उलटलं. खांदे उडवणाऱ्या मुलाचं एक चित्र तिथे वर्षभर पडून होतं, त्याला तिने कधी हात लावला नव्हता. आज लावला.

शर्मिलेला वाचताना हुंदका आला. "आजी... मासे... नाय... कित्याक?"

चार वर्षं साऱ्या घराने पित्तावर विश्वास ठेवला होता. 'का?' म्हणून जाब विचारला तो ह्या मुक्या पोरीने.

रुक्मिणीने मग सगळं सांगितलं, नवसही आणि तांदळाचं पापही. शेवटी पदराने डोळे पुसत म्हणाली, "ह्या रुक्मिणीक जाब इचारूची ह्या घरात कोणाची छाती झाली नाय. ह्या चेडवान इचारल्यान. ता मुक्या कसा? भावजी, उद्या आणखी एक नारळ ठेवा. देवान ऐकल्यान."

पण पोर अजून वाट बघत होती. तिला उत्तर हवं होतं.

रुक्मिणीने खरकटा हात धुतला आणि जन्मात पहिल्यांदा त्या वहीवर बोट ठेवलं. आजी. मासे. नाही. मग पानं चाळून सृष्टीचा स्वतःचा फोटो शोधला आणि बोट तिथेच राहू दिलं.

सृष्टीने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग आपल्या पानातली बांगड्याची तुकडी उचलून आजीच्या भातावर ठेवली.

चार वर्षांनी तिखल्याचा पहिला घास... रुक्मिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घास गिळून तिने सुनेकडे पाहिलं.

"शर्मिला, तिरफळां कमी पडली. नि वहीत आजी म्हणान ही चष्मेवाली खंयची म्हातारी लावलंस? ती काढ आधी. माझो फोटो लाव."

"लावतंय," शर्मिला रडता रडता हसली, "पण तिरफळां बरोबर आसत, आये. चार वर्षांत तुमची जीभ इसारली."

बारा वर्षांतलं पहिलं उलट उत्तर. रुक्मिणीने दुसरी तुकडी मागून घेतली.