दहा महिन्यांचं खोटं

"कोण आहे तो?"

पर्समधून काढलेला कागद नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर आपटला आणि ताईचा घास हातातच राहिला. कागद साधाच होता, एका जुन्या प्रसूतिगृहात केलेल्या अर्जाची पोच. पण ज्या घरात बारा वर्षं पाळणा हलला नव्हता, त्या घरात तो कागद निघणं म्हणजे...!

"तुझ्या त्या दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये फोन केला मी. तीन आठवड्यांत चार वेळा अर्ध्या दिवसातच निघालीस म्हणे! आणि मंगळवारी त्या टकल्याबरोबर चहा पीत होतीस. मी या डोळ्यांनी पाहिलं!"

ताई काय सांगणार होती? तो टकला म्हणजे प्रसूतिगृहाच्या जुन्या नोंदी सांभाळणारा, साठीला टेकलेला, खोकून खोकून जेरीस आलेला कारकून! हसू यावं अशीच गोष्ट... पण तो कोण हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर तिचा अख्खा संसार उभा होता.

दीड वर्षापूर्वी तिच्या धाकट्या भावाला, बारक्याला, पोलिसांनी उचललं होतं. गुन्हा काय, तर वर्गातल्या मैत्रिणीबरोबर तो घरातून पळून गेला आणि दोघं सहा दिवस परगावी राहिली. मुलगी सोळा वर्षांची. "मी माझ्या मर्जीनं गेले हो, त्याला सोडा!" असं ती पोर भर कोर्टात ओक्साबोक्शी रडत सांगत होती, पण कायद्याच्या लेखी सोळाव्या वर्षी मर्जी नावाची गोष्टच नसते, आणि बारक्या कागदोपत्री अठरा वर्षं तीन महिन्यांचा, म्हणजे पुरता बाप्या! "दहा वर्षांहून कमी शिक्षा द्यायची मला मुभा नाही," असं न्यायाधीशांनी मान वर न करता वाचून दाखवलं. मिसरूड नुकतं फुटलेला तो पोरगा वळून वळून ताईकडे बघत गेला.

पण बारक्या तेव्हा अठराचा नव्हताच. खरा तो सतरा वर्षं पाच महिन्यांचा होता! हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं... कारण त्याला आईनं नव्हे, ताईनं जन्म दिला होता.

एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी. ज्याच्यावर जीव टाकला तो "आलोच" म्हणून जो गेला तो गेलाच. वडील वारून तेव्हा वर्ष उलटलं होतं. आईनं गाव सोडलं, नव्या जागी मूल स्वतःचं म्हणून मांडीवर घेतलं आणि शाळेत घालताना, नवऱ्याच्या मरणाशी मेळ बसावा म्हणून, जन्मतारीख दहा महिने आधीची लिहिली. "गुटगुटीत आहे, खपून जाईल," आई म्हणाली, आणि खपूनही गेलं. आता तेच दहा महिने पोराच्या मानगुटीवर बसले होते.

"गुन्ह्याच्या वेळी मुलगा अठराच्या आत होता हे शिक्षेनंतरही सिद्ध करता येतं," बारक्याचा खटला बघणाऱ्या वकीलबाई एकदा सहज बोलून गेल्या, आणि ताईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आईला तेवढ्यावरूनच वास आला. "वकिलिणीकडे एकटी कशाला जातेस गं? तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" असं ती दर दोन दिवसांनी बजावत होती. इकडे नवरा पर्स उचकत होता, तिकडे आई मनातलं उचकत होती!

"बोल ना!" नवरा ओरडला.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. मग हवं तर घराबाहेर काढा मला."

"उद्यापर्यंत कशाला? पळून जायला?"

ताई ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ताई प्रतिज्ञापत्र ऐकत बसली होती. "...मी त्याची बहीण नसून जन्मदात्री आई आहे... प्रसूतिगृहाच्या नोंदीत आई म्हणून माझंच नाव आहे..." ती वाक्यं दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. आणि मग दार करकरलं.

दारात नवरा उभा होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेलेला हा माणूस आज तिच्या मागावर, पावलं न वाजवता तीन जिने चढून आला होता... टकल्याला रंगेहाथ पकडायला! किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"म्हणजे... तुला मूल झालं होतं?"

"हो."

"आणि माझी आई बारा वर्षं तुला वांझ म्हणत राहिली... पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर... मीसुद्धा म्हणालो एकदा! दोष तुझ्यात नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तो दोष तुमच्या माथी गेला असता," ताई म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर हमसून हमसून रडली. "आणि खोटं सांगू नये... माझं गुपितही झाकलं जात होतं."

तो मटकन खुर्चीत बसला. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो त्यानं घेतला नाही. मग "साक्षीदार म्हणून सही लागते ना? कुठे करू?" एवढंच म्हणाला.

सही केली, पण नंतर अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. आईला कळवलं, तर तिनं फोनच ठेवून दिला. ताई लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासत राहिली आणि तारखेची वाट बघत राहिली.

कोर्टानं प्रसूतिगृहाची नोंद मानली, शिक्षा रद्द झाली. आणि एका सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी ताई वहीत सही करायला वाकली. "नातं" असं लिहिलेल्या रकान्यापाशी तिचा हात थांबला, मग तिनं लिहून टाकलं. शिपायानं वही उलट फिरवून बघितली.

"ओ बाई, मागच्या सगळ्या खेपांना बहीण होतात की! भानगड काय आहे?"

"भानगड नाही. आई आहे ती त्याची," मागून नवरा म्हणाला. तो आलाय हे ताईला तेव्हा कळलं.

कोर्टात सगळं कळून चुकलेला बारक्या बाहेर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, गाल बसलेले. तिच्यापासून चार पावलांवर थांबला आणि डोळे रोखून बघत राहिला.

"दीड वर्ष आत होतो मी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर आत गेलोच नसतो!"

सबबी पुष्कळ होत्या, आईची शपथ, लोकांची तोंडं... पण तिनं त्यातली एकही पुढे केली नाही.

"हो रे. घाबरले मी. घर वाचवत बसले."

"मग वाचलं का?"

ताईनं मागे बघितलं. नवऱ्यानं पुढे येऊन पोराच्या हातातली पिशवी घेतली. "चला, पलीकडे जाऊन गाडी बघू. उन्हात किती वेळ उभे राहणार?" आणि तो पुढे चालू लागला.

"आईला कळवलंस, मी सुटलो ते?" बारक्यानं विचारलं. त्याच्या लेखी आई म्हणजे अजून ताईची आईच. ताईनं मान हलवली.

"सकाळीच कळवलंय. रडत होती."

समोरचा रस्ता रुंद होता आणि गाड्या सुसाट चालल्या होत्या. दीड वर्ष चार भिंतींत काढलेला तो पोरगा कडेलाच बिचकून उभा राहिला. एक पाऊल टाकलं, मागे घेतलं, आणि बघता बघता त्यानं ताईचा हात घट्ट पकडला. दोघं रस्ता ओलांडून गेली. पलीकडे पोचल्यावर ती हात सैल करून थांबली, पण त्यानं काही तो सोडला नाही.