कपाळापर्यंत आलेला फोटो

पूर्णिमा रामटेके यांचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला, त्यात सुरुवातीला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. साल दोन हजार सहा. मशीन जुनं झालं होतं. लेकीला, दीपालीला, हिंजवडीत नोकरी लागली त्या वर्षी तिने ते हौसेनं घेतलं होतं. मॉनिटरची पाठ पोटुशा बाईसारखी फुगलेली, पांढरा रंग आता पिवळट झालेला. पुढे कंपनीने दीपालीला मेलबर्नला पाठवलं. ती लॅपटॉप घेऊन गेली आणि हे धूड आईजवळ राहिलं.

पूर्णिमाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. चंद्रपूरहून बदली होऊन पुण्यात आल्या, नवऱ्याच्या आणि स्वतःच्या फंडातून कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि वर्षभरात नवरा गेला. खिडकीखाली तांबट आळी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तांब्यावर हातोडे पडत असायचे. नवीन माणसाला त्या ठणठणाटाने वेड लागलं असतं. बाईंना तो सोबतीसारखा वाटायचा. बिल्डिंगमधली माणसं वाईट नव्हती. जिन्यात हसायची, गणपतीची वर्गणी न चुकता मागायला यायची. फक्त आत येऊन बसायची नाहीत. दारातून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसायचा, आणि "पाणी नको हं, आत्ताच चहा झालाय" असं आधीच म्हणून मोकळी व्हायची. बाईंनी पाणी विचारणंच सोडून दिलं होतं.

दुपारी जेवण, भांडी झाली की त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या. आपली दुपार म्हणजे तिकडची संध्याकाळ. आधी बातम्या बघायच्या, आणि मग, गोड पदार्थ शेवटाला ठेवतात तसं, दीपालीचं फोटोंचं पान उघडायचं. इंटरनेट हळू, मशीन म्हातारं. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरायचा. आधी परक्या गावाचं निळं आभाळ, मग एखाद्या इमारतीचं टोक, मग दीपालीचे केस. दाट, लांब, टोकाला मेंदीची लाली असलेले. मग कपाळ.

आणि तिथे सगळं थांबायचं.

बाण हलायचा नाही, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकायचं नाही. बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. बातम्या वाचतानाही कधीकधी ते अडकायचं, पण फोटोंच्या पानावर हमखास अडकायचं. आणि दर वेळी कपाळाशीच. डोळे दिसायच्या आधी.

बाईंची उभी नोकरी लाइनमधले दोष शोधण्यात गेलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची शिस्त. वायर बदलली. मॉडेम दुसऱ्या खोलीत नेला. नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकले, व्हायरसची तपासणी केली. फरक पडला नाही, तेव्हा शनिवार पेठेतल्या अभयला फोन केला. अभयचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानात 'तुमच्या भाच्याने आधी काय केले ते खरे सांगावे' अशी पाटी होती.

तो आला, बूट दाराबाहेर काढले, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला.

"काकू, हे बघा. रोग सापडला."

आतल्या छोट्या पंख्याभोवती केस गुंडाळलेले होते. चरख्यावर सूत गुंडाळावं तसे, घट्ट.

"पंखा अडकला की खालची चिप तापते. तापली की मशीन झोपतं. नेटवर ताण जास्त, म्हणून तिथे आधी." त्याने चिमट्याने केस ओढून काढायला सुरुवात केली. ते निघतच राहिले. "तुमचे तर नाहीत."

बाईंचे केस पांढरे, मानेवर कापलेले. "दीपालीचे असतील," त्या म्हणाल्या. "आधी तीच बसायची इथे."

"असणारच. वर्षानुवर्षं साचतात. एका गिऱ्हाईकाकडे तर उंदराचं बाळंतपण निघालं होतं."

अभय गेल्यावर बाईंनी ते केस कचऱ्यात टाकले नाहीत. लेकीचे केस. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून त्यांनी ती पुडी देव्हारा नव्हता म्हणून कपाटात, साड्यांवर ठेवली. आणि त्या दुपारी फोटो पूर्ण उतरला. कपाळ, भुवया, डोळे, हसू. बाई बराच वेळ बघत बसल्या.

पंधरवडा बरा गेला. मग फोटो पुन्हा कपाळापाशी थांबला.

या वेळी त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. पंख्याभोवती केस होते. लांब, काळे, टोकाला लालसर.

बाई खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे विचार करू लागल्या. अभयने नीट साफ केलं नसेल? पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंखा नव्यासारखा झाला होता. कामाला येणाऱ्या हिराचे केस? हिराचा अंबाडा करडा, सुपारीएवढा. खिडकीतून वाऱ्याने? तिसऱ्या मजल्यावर, पावसाळ्यात, खिडकी बंद असताना? त्यांनी एक केस उजेडात धरला. एका टोकाला मेंदी होती. दुसऱ्या टोकाला बारीकसा पांढरा ठिपका. केस तुटलेला नव्हता, मुळासकट आला होता. आणि त्याला शिकेकाईचा वास होता, न्हाऊन आलेल्या डोक्याचा. वर्षानुवर्षं धुळीत पडलेल्या केसाला असा वास राहत नाही.

त्यांनी पंखा साफ केला. कॅबिनेटची सगळी भोकं आतून जुन्या मलमलीने शिवल्यासारखी बंद केली, झाकणाच्या फटींवर पट्टी चिकटवली. आत जायला वाट म्हणून ठेवली नाही.

आठवड्याने मशीन अडकलं. पट्टी जशीच्या तशी होती. मलमलीवर धूळ होती, केस एकही नव्हता. पंख्याभोवती मात्र मूठभर होते.

बाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? बिल्डिंगमधल्या कोणाला सांगितलं असतं तर लिंबू-मिरची घेऊन सल्ला द्यायला पहिल्यांदा घरात येऊन बसले असते. विहारात सांगितलं असतं तर तिथल्या बायका म्हणाल्या असत्या, पूर्णिमाताई, तुम्हीसुद्धा? भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. बापाने छप्पन साली दीक्षाभूमीवर जे मागे टाकलं, ते पुन्हा घरात घ्यायची त्यांची तयारी नव्हती. पुडी मात्र जाड होत चालली.

दीपालीचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "केस गळतात का गं तुझे?"

"नाही गं. उलट इथल्या पाण्याने छान झालेत. का?"

"काही नाही. तेल लावत जा."

"बरं. तू एकटी कंटाळतेस ना आई?"

"मला कशाला कंटाळा येतोय?"

मग एका दुपारी बाईंनी ठरवलं की आता डोळ्यांसमोरच काय ते बघायचं. झाकण काढून कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं. खोलीत लख्ख उजेड होता. खाली हातोडे चालू होते. पंखा गरगरत होता, स्वच्छ, पात्यांची नुसती चकती दिसत होती. त्यांनी फोटोंचं पान उघडलं. एक डोळा पडद्यावर, एक पंख्यावर.

आभाळ उतरलं. इमारत उतरली.

केस उतरायला लागले.

पंख्याचा आवाज बदलला. जडावला, दमेकऱ्याच्या श्वासासारखा. बाईंनी खाली पाहिलं.

वरून काही पडत नव्हतं. खालून काही येत नव्हतं. पण पात्यांच्या मधल्या काळ्या गोलाभोवती एक बारीक रेघ फिरत होती, ती जाड होत होती.

पडद्यावर कपाळ आलं.

पंखा थांबला.

खाली हातोडे चालूच होते. बाईंनी ते आधी ऐकले, मोजल्यासारखे ऐकले, आपण शुद्धीवर आहोत याची खात्री करून घेण्यासाठी. मग बोट पुढे केलं. केस कोमट होते. मशीन गरम होतं, म्हणून असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आणि ओलसर होते.

पावसाळाभर असंच चाललं. दिवाळीच्या आधी एका दुपारी दीपालीने नवा फोटो टाकला. या वेळी मशीन अडकलं नाही. फोटो सरसर उतरला: आभाळ, बाग, आणि डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल. कपाळ, भुवयांच्या जागी पेन्सिलीच्या दोन रेघा, डोळे, हसू. सगळं खालपर्यंत.

बाईंनी फोन लावला.

"दीपाली, रुमाल काढ."

पलीकडे लेक रडायला लागली. छातीत गाठ निघाली होती. सप्टेंबरात कळलं, ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली. मैत्रिणी आहेत, कंपनीने खर्च केला, डॉक्टर चांगले आहेत. तुला सांगितलं असतं तर तू एकटी तिथे काय करणार होतीस?

"केस कधी गेले?"

"गेल्या आठवड्यात. एकदम. उशीवरच."

बाईंनी मग तिला सगळं सांगितलं. पंखा, मलमल, पुडी. जूनपासूनचं.

"आई," दीपाली अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जूनमध्ये मला काही झालेलंच नव्हतं. आणि आपण असलं काही मानत नाही."

"मी कुठे मानते? मी फक्त सांगतेय."

त्या विषयावर मायलेकी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बाईंना जायचं होतं, पण पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत दीपालीची औषधं संपत आली, आणि तीच म्हणाली, आता नको, मी येते बरी झाले की. ती खरोखरच बरी झाली. कॉम्प्युटरही बरा झाला. दीड वर्ष तो एकदाही हँग झाला नाही. अभयने मॉनिटरवर छोटा कॅमेरा बसवून दिला, आणि मायलेकी कधीकधी पडद्यावर एकमेकींना बघत बोलायला लागल्या. दुपारी फोटो उतरायचे, रुमालाऐवजी टोपी, टोपीऐवजी मुलासारखे बारीक केस. बाई अधूनमधून झाकण उघडून बघायच्या. आत फक्त धूळ असायची. ती पाहून हायसं वाटायचं, आणि झाकण लावताना हात रेंगाळायचा. पावसाळाभर त्या खोलीत कोणीतरी होतं. आता नव्हतं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये भर दुपारी बेल वाजली. दारात दीपाली होती. हातात एकच छोटी बॅग.

"अगं, न कळवता? सुट्टी मिळाली?"

"घेतली."

ती पुढे आली आणि आईला मिठी मारण्याआधी तिने आईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे.

संध्याकाळी ती म्हणाली, उद्या सकाळी आपण तपासणी करून घेऊ. रक्त, एक्स-रे, सगळं. मी अपॉइंटमेंट घेतलीय.

"मला काय झालंय? तीन जिने चढते मी."

"काही झालं नाहीये. म्हणूनच."

"दीपाली, नीट बोल."

दीपाली तेलाची वाटी घेऊन आली, आईला खाली बसवलं आणि मागे खुर्चीवर बसली. लहानपणी आई तिला बसवायची तशी. खालचे हातोडे थांबले होते. बोटं पांढऱ्या केसांतून हळूहळू फिरायला लागली.

"माझा लॅपटॉप अडकत होता," ती म्हणाली. "नवा आहे, तरी. तुझ्याशी बोलायला बसलं, व्हिडिओत तुझा चेहरा यायला लागला, की अडकायचा. दुकानात नेला. त्याने उघडला आणि मला विचारलं, घरात मांजर आहे का."

बाईंची नजर साड्यांच्या कपाटाकडे गेली.

"पांढरे होते. आखूड."

"मुळासकट?"

दीपालीची बोटं टाळूवरून मानेपर्यंत आली आणि एकाएकी थांबली. तेलकट बोटांना पांढरे केस चिकटून आले होते. मग ती उठली. मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. हात धुतेय."

नळ बराच वेळ चालू होता.