हँडल तेवढं बाकी

शटर बंद होतं. त्यावरचं जाडजूड कुलूप तिने दोनदा ओढून बघितलं.

जुनी मालवाहू व्हॅन आणून द्या, आम्ही तिचं चाकांवरचं घर करून देतो, असं सांगणारी ही कंपनी. काचेचं ऑफिस, गुळगुळीत फोटो, आणि आठवड्याच्या आत सगळे पैसे भरले तर घसघशीत सवलत! ती भुलली. सगळे पैसे भरून बसली, तेही मालकाच्या स्वतःच्या खात्यात, कारण कंपनीचं खातं म्हणे 'जरा अडकलंय'. आता कोण अडकलं होतं ते दिसतच होतं. व्हॅन अजून आणून दिली नव्हती, एवढंच काय ते नशीब.

शटरला पाठ टेकून एक तरुण रंगाच्या उपड्या डब्यावर बसला होता. शर्टावर लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर अगदी निवांत भाव...

"तुमचेही गेले का?" त्याने विचारलं.

"निम्मी बचत," ती म्हणाली. "तुमचं काय गेलं?"

"कपाटं. सगळी मीच करून दिली होती यांना." मग जरा सरकून तो म्हणाला, "बसा. आपलंच ऑफिस आहे आता."

अशा प्रसंगी हसायचं नसतं हे तिला कळत होतं. तरी ती हसली.

पोलीस चौकीत तक्रार दोघांनी एकाच बाकावर बसून नोंदवली. निघताना तो बिचकतच म्हणाला की त्याचं स्वतःचं छोटंसं वर्कशॉप आहे, गाड्यांच्या आतलं सुतारकाम तोच करतो, आणि तिची हरकत नसेल तर... ती मनात म्हणाली, वा! आगीतून उठून फुफाट्यात. पण घरी जाईपर्यंत तिला त्याची ती पेन्सिलच आठवत राहिली.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लांबलांबच्या गावांतली म्हातारी माणसं शहरात येऊ शकत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून नुसती बसून राहतात. त्यांच्या दारात जायचं, गाडीत पुढे तपासायची खुर्ची, मागे स्वतःला झोपायला पलंग आणि चहापुरती शेगडी, हे तिचं स्वप्न. उरलेल्या निम्म्या बचतीत ते जेमतेम बसत होतं. हीही बुडाली, की व्हॅन विकायची आणि दुकानाच्या काउंटरमागे म्हातारं व्हायचं.

तिला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याने निकाल दिला, "जा, पण डोळे उघडे ठेवून. दुसऱ्यांचे तपासतेस ना, तसे स्वतःचेही तपास."

मग ती वर्कशॉपमध्ये गेली ती अटींची फैर झाडतच. विसार अगदी थोडा. बाकीचे हप्त्याने, आणि काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय हप्ता नाही. रोख नाही, सगळे पैसे वर्कशॉपच्या खात्यात, पावतीसकट. लाकूड, काचा, पत्रा, सगळ्याची बिलं तिच्या नावावर. गाडीची कागदपत्रं आणि दुसरी किल्ली तिच्याकडे. शेवटचा हप्ता सगळं पुरं झालं असं ती म्हणेल तेव्हा.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "श्वास घ्यायची परवानगी आहे, की तोही हप्त्याने?"

"दुधाने तोंड पोळलंय माझं."

"मान्य. पण मी ताक आहे हो," असं म्हणून त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि मुकाट्याने सही केली. पेन्सिलीची सही चालत नाही म्हणून तिने पेन पुढे केलं. बोटांना बोटं लागली — दोघांनीही तिकडे लक्ष नाही असं दाखवलं.

त्या दिवसापासून तो तिला 'तपासनीस बाई' म्हणू लागला आणि ती त्याला 'मिस्त्री'. दर शनिवारी ती यायची, फळ्यांवर टकटक करायची, फटीत नख घालून बघायची. तो मागे हात बांधून शाळेत निकालाला उभा राहावा तसा उभा राहायचा. पुढेपुढे ती येताना केसांचा वेगळा विचार करू लागली, आणि शनिवारी त्याच्या शर्टावर भुसा दिसेनासा झाला. वर्कशॉपमधले पेंटरकाका हे सगळं बघत होते. बोलत काही नव्हते, नुसते खोकायचे.

छताला खिडकी बसली तेव्हा तिने जाहीर केलं की गळत नाही हे बघितल्याशिवाय या टप्प्याचे पैसे नाहीत. "मग बघू की," तो म्हणाला. काका नळी घेऊन शिडीवर चढले, आणि ही दोघं आत, अर्ध्या बनलेल्या पलंगाच्या चौकटीवर, माना वर करून बसली.

पाणी सुटलं. पत्र्यावर असं काही तडतडलं की बोललेलं ऐकू येईना. काचेवरून पाण्याचे ओघळ धावत होते आणि त्यांच्या सावल्या त्याच्या कपाळावरून, गालावरून उतरत होत्या. ओल्या पत्र्याचा आणि ताज्या लाकडाचा वास... ती खिडकीकडे बघायचं विसरली. त्याने मान वळवली तेव्हा पकडली गेली.

"गळतंय का?" तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला.

"अजून थोडं बघू," ती म्हणाली.

बघितलं. काकांची टाकी रिकामी होईपर्यंत बघितलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके सकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना इतका कोरडा. "आजच्या आज गाडी घेऊन जा."

ती धावतपळत पोहोचली. वाटेत मनाने हजार गोष्टी रचल्या होत्या: दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं असेल, आपला कंटाळा आला असेल, शेवटी सगळे सारखेच. हप्त्याचा दिवसही आजचाच होता. पैसे भरायला तिने फोन हातात काढून ठेवला होता, तोच त्याच्यासमोर नाचवत ती म्हणाली, "कमी पडले का? आणखी आगाऊ हवेत? सरळ सांगा."

"भरू नका," तो म्हणाला.

"काय?"

"हप्ता भरू नका." तो खाली बघत होता. "त्या कपाटांचे पैसे बुडाले, तेव्हापासून जागेचं भाडं थकलंय. मालक उद्या कुलूप घालणार. कुलूप पडलं की आतलं सगळं अडकेल, तुमची गाडीसुद्धा. लाकूड तुमच्या नावाचं आहे, तेही भरून न्या. आणि आज माझ्या खात्यात पैसे आले ना, तर ते भाड्यात जातील, तुमच्या गाडीत नाही. म्हणून भरू नका."

इतके दिवस हा माणूस कधी फसवतो याची ती डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. आणि स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला असताना तो तिचे पैसे तिच्याकडेच ढकलत होता! तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. आणि त्या रागातच तिला लख्ख कळलं की आपलं या माणसावर प्रेम आहे, आणि याला आता काही इलाज नाही.

"हत्यारं कुठे ठेवणार आहात?" तिने फोन पर्समध्ये टाकत विचारलं.

"काकांच्या गच्चीवर."

"आमच्या अंगणात शेड आहे," ती म्हणाली. "विजेची सोयही आहे. फक्त आत्याही आहे."

अशा रीतीने वर्कशॉप तिच्या अंगणात आलं. आता लाकडाचे पैसे ती थेट दुकानदाराला देई, आणि त्याची मजुरी त्या त्या आठवड्याच्या कामाची, पावतीसकट; शेवटचा हप्ता तेवढा ठरल्याप्रमाणे काम पुरं झाल्यावर. प्रेम झालं म्हणून शिस्त सोडायची असं थोडंच आहे? रंधा चालू लागला, अंगणात लाकडाच्या कुरळ्या साली उडू लागल्या. शेजारच्या दोघांनी घरातली कपाटं करायला सांगितली, मग त्यांच्या पाहुण्यांनी. हळूहळू त्याचं भाडं फिटलं. आत्या खिडकीत बसून सगळ्यांना सूचना द्यायची आणि त्याला न मागता दुसरा चहा पाठवायची. जी आत्या आजवर कोणाच्याही कामावर खूश झाली नव्हती, ती!

गाडी झाली. पलंग झाला, शेगडी बसली, तपासायची खुर्ची गोल फिरू लागली. तरी मिस्त्री यायचा. कधी बिजागरी जरा करकरते, कधी कडा घासायची राहिली. तीही रोज तपासायची आणि रोज म्हणायची, "नाही, अजून पुरं झालं असं नाही म्हणता येणार."

"अगं, एवढ्यात माणसं बंगला बांधतात," आत्या म्हणाली.

शेवटी एका संध्याकाळी दोघं गाडीच्या पायरीवर बसली होती. सूर्य कलला होता, कपातला चहा निवला होता.

"तपासनीस बाई, एक कबूल करायचंय." त्याने खिशातून पितळेचं छोटंसं हँडल काढलं. "शेगडीखालच्या खणाचं. महिनाभर खिशात घेऊन फिरतोय. हे लावलं असतं, तर काम संपलं असतं आणि माझं येणंही. बेइमानी आहे ही. तुम्ही इतक्या विश्वासाने..."

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी लोकांचे डोळे तपासते. समोरच्या खणाला हँडल नाही, हे मला दिसत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर लावलं असतंत ना."

पेन्सिल त्याच्या कानामागून घरंगळली, कोणी उचलली नाही. तिने फोन काढला, दोनचार बटणं दाबली, आणि त्याच्या खिशात टिंग वाजलं. त्याने बघितलं. शेवटचा हप्ता, पुराच्या पुरा.

"पण काम बाकी आहे अजून," तो गडबडून म्हणाला. "तुमचीच अट... आधी काम, मग पैसे. आणि मी पळून गेलो तर?"

"पळून तर बघ," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "मागे यायला गाडी आहे माझ्याकडे. आत झोपायची सोयसुद्धा आहे."

तो हसायला लागला, आणि हसताहसताच त्याने तिचा हात धरला. हँडल दोघांच्या तळव्यांमध्ये अडकलं, जरा टोचलंही. पण सोडायचं कोणी नाव घेईना.

"झालं का गं ते काम एकदाचं?" खिडकीतून आत्याने विचारलं.

"नाही, आत्या," ती म्हणाली. "लागेल अजून वेळ."