उकिरड्याशेजारची माती

लातूरच्या विद्यापीठ उपकेंद्रात श्रद्धा माती तपासणीच्या टेबलाशी बसली होती, तेव्हा एका उंच तरुणानं समोर पिशवी ठेवली. माती काळीभोर, भुसभुशीत, दिसायला देखणी... तिनं चिमूटभर उचलली आणि नाक मुरडलं.

"शेतातली आहे ना ही?"

"हाव की."

"उकिरड्याशेजारची?"

तो ओशाळून हसला. "मॅडम, विद्यापीठात यायचं म्हणल्यावर वाईट माती कशी आणावं? चांगली बघूनच आणली."

पाहुणे आले की घरातली चांगली सतरंजी काढतात, त्यातलाच हा प्रकार. अशानं अहवाल झकास येतो आणि पिकाचं वाटोळं होतं. श्रद्धानं त्याला सगळ्या शेतातली थोडी थोडी माती मिसळून आणायला परत पाठवलं.

तो जळकोटचा अमरेश. दुसऱ्यांदा आला तो पांढुरकी, चुनखडीची माती घेऊन. तिसऱ्यांदा नुसताच आला — अहवाल नीट कळला नाही म्हणून. गडी याच विद्यापीठाचा बीएस्सी, न कळायला काय झालं? तरी श्रद्धानं सगळं पुन्हा समजावलं. तो मान डोलवत तिच्या कपाळावरच्या बटेकडे बघत राहिला, आणि तिनं ती बट सावरली नाही. मग तो येतच राहिला.

गंमत अशी, की या विद्यापीठानं इतकी वर्षं शेतकऱ्यांचीच पोरं शिकवली आणि नोकरीला लावली. श्रद्धाचे वडील त्यातलेच. बिलोलीत मास्तर झाले. त्यामुळे शिकलेल्या पोरीला नवरा नोकरीवालाच हवा, हे घरोघरी ठरून गेलेलं. अमरेश शिकून शेतात परतला, तर त्याला कुणी मुलगी देईना. इकडे श्रद्धाच्या आईनं येत्या रविवारी बँकेतला मुलगा बोलावला होता.

शुक्रवारी श्रद्धासह विद्यार्थ्यांची तुकडी माती बघायला अमरेशच्या शेतात गेली. बाकीचे विहिरीकडे वळले. ही दोघं बांधावर मागं राहिली.

"रविवारी तुम्हाला बघायला येऊन राहिलेत म्हणं..."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या मैत्रिणीनं. वर्षाराणी मॅडमनं."

"मग?"

"मग काय... बँकेतला हाय. चांगलंच हाय की."

श्रद्धाला रडू आलं — आणि रागही. "इतके दिवस आपण काय नुसता चुनाच मोजत होतो? मला तुम्ही आवडता. बँकेतला नको मला!"

अमरेशचा चेहरा लाल झाला. "मलाबी तुम्ही लई... पण मागायचं कोणत्या तोंडानं? शेतकरी म्हणलं की लोक चहा पाजून वाटंला लावतात."

तिनं सरळ आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हाती दिला.

"नमस्कार मावशी. अमरेश बोलतोय, जळकोटहून. मी... शेती करतो. श्रद्धा मॅडम मला पसंत हायेत. त्यांनाबी मी."

 पलीकडून आईचा आवाज आला, "विहिरीला पाणी कुठवर राहतं?"

'बारमाही' म्हणा, बारमाही... श्रद्धा ओठांनीच सांगत होती.

"मार्चपर्यंत," तो म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारला.

"माझ्या माहेरी सोयरीक घेऊन येणारा जो तो बारमाहीच सांगायचा," आई म्हणाली. "रविवारी घरी या. मी अजून हो म्हणले न्हाई, काय? त्या बँकवाल्याला सध्या थांब म्हणते."

फोन बंद झाला. अमरेश तसाच उभा. "मॅडम... आता?"

"आता रविवारी या," श्रद्धा हसू दाबत म्हणाली, "आणि आईसमोर तेवढं मॅडम म्हणू नका."