पायातला मार्जक

वेळकोंड बंदरातल्या क्रेन आता एका बंद खोलीत बसून चालवत, आणि त्या खोलीतल्या खुर्च्यांवरून सहसा कुणी उठत नसे. उठायची गरजच उरली नव्हती. प्रत्येकाच्या मांडीतल्या खोल शिरेत एक ‘मार्जक’ होता.

माणूस फार वेळ बसून राहिला की पायातलं रक्त संथ होतं आणि त्याची गुठळी धरते. पाय सुजतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. पूर्वी डॉक्टर गुडघ्यामागच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक पोकळ नळी, आत सरकवून गुठळी ओढून काढत. मार्जक तशीच नळी होती, फक्त केसाएवढी आणि कायम आत राहणारी. गुठळी धरू लागली की ही नळी तिला तिथल्या तिथे फोडून विरघळवून टाकी.

डॉ. नलिनाक्ष देवस्थळींनी तो बनवला तेव्हा त्यांना वाटलं होतं, यापुढे कुणी बसल्या जागी मरणार नाही. तसं झालंही. मग कंपन्यांनी पाय मोकळे करायची सुट्टी बंद केली आणि पाळ्या लांबत गेल्या.

हेमांगी नाखवा ही क्रेनचालक त्यांच्याकडे आली ती मार्जक काढून घ्यायला. तिचे डोळे तांबारले होते. डॉक्टरांनी तपासलं, शीर अगदी स्वच्छ होती. तिचं रक्त लवकर गोठतं, मार्जक काढणं जिवावर बेतेल, असं त्यांनी समजावलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मार्जक बसवण्याआधी गुठळी झाली तेव्हा तुम्हीच काढलीत. त्यानंतर मला घरी पडून राहायला मिळालं. मुलीशी बोलले, झोपले. डॉक्टर, मला परत तसं आजारी पडू द्या.”

देवस्थळींनी तिचे कागद पुन्हा चाळले. मार्जक काढला तर ती मरू शकत होती. ठेवला तर उद्या पुन्हा तीच खुर्ची. शेवटी त्यांनी तिला दाखल करून घेतलं आणि कंपनीला कळवलं की मार्जक बिघडलाय, दुरुस्तीला वेळ लागेल. आपल्या शोधाबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले. हेमांगी उशीला डोकं टेकताच झोपली.

तिला घरी सोडायच्या आतच बंदरातली माणसं येऊ लागली. बाकं पुरेनात, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. देवस्थळी एकेकाला तपासत गेले. सगळ्यांच्या शिरा स्वच्छ होत्या, आणि जो तो हळू आवाजात तेच विचारत होता :

“डॉक्टर, माझाही बिघडलाय ना?”